भिंतीला एकच हात

२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पदक गळ्यातून काढून ओल्या टॉवेलात गुंडाळलं आणि मागच्या दारानं बाहेर पडले. आत सत्कार चालूच होता. आता बसमध्ये गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते आहे, अक्षर लावून घे.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना दोन्ही हात एकदम भिंतीला टेकायला हवेत, हे तू मला दुधाचे दात पडायच्या वयात शिकवलंस. शेवटच्या वळणावर माझा डावा खांदा अडला. उजवा हात टेकला, डावा टेकलाच नाही. ऐनवेळी पंच आजारी पडले म्हणून माझ्या लेनच्या टोकाला तुला उभं केलं होतं. तू वाकून बघत होतीस. चूक दाखवायला तुझा हात वर गेला नाही. मी पहिली आले.

बाबा शिलाईचं दुकान बंद ठेवून आले होते. रडले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तुला दिसलं का, एवढंच कळव.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी बेडकी

५ मार्च

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

सत्कारातून पळालीस ते बरं केलंस. अध्यक्षांचं भाषण संपेपर्यंत पोहणारे सगळे उभ्या उभ्या वाळले. खांद्याला शेक दे. परदेशी जाणाऱ्या संघात तुझं नाव लागलं आहे. बॅग आतापासून भरायला घेऊ नकोस, आईसारखी दहादा उपसशील.

त्या टोकाला पाणी फार उडत होतं. चष्मा ओला झाला होता. झालं ते झालं. दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, यातलं काही बोलू नकोस, तो सध्या हवेत आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
आत्या

९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चष्म्याचं वाचलं. काल सरावानंतर ती दुसरी आलेली मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, शेवटच्या वळणावर तू माझ्या पुढे कशी गेलीस ते शिकव. मी दोन्ही हात टेकवून वळून दाखवलं. तिनं तस्संच केलं आणि विचारलं, यात वेगळं काय आहे, मी तर अशीच वळते. खांदा दुखतोय असं सांगून मी निघून आले.

चूक दिसली की तुझा हात वर जातोच, तलावावर तुला हातवाली बाई म्हणतात ते उगाच नाही. सरावातसुद्धा मला कितीदा पाण्याबाहेर काढलंस. दिसलं नाही, असं सरळ लिही. तू लिहिलंस तर मी मानीन आणि गप्प बसेन.

लोभ आहेच, तो उत्तर लिहितानाही असू दे.
बेडकी

१२ मार्च

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

दिसलं. चष्मा कोरडा होता. चूक दाखवायला माझा हात कमरेपर्यंत आला होता. मागच्या रांगेत माझ्या वेळच्या पोहणाऱ्या बसल्या होत्या. मी शिकवलेली पोर एका हातानं वळली हे त्यांना कळेल, तेवढंच डोक्यात आलं. तुझ्यावरची माया वगैरे काही नव्हती. असती तर लाज जरा कमी वाटली असती.

उद्या जलतरण संघटनेच्या सचिवांना सांगून पंचाचा बिल्ला परत करते. तू येऊ नकोस.

या आत्याला टाकू नकोस.

१६ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू जाऊन आल्यावर सचिवांनी मला बोलावलं. म्हणाले, निकालावर सही झाली आहे, आता तो बदलत नाही, आत्याबाई उगाच मनाला लावून घेतायत. मग मीच संघातून नाव काढून घेतलं. ती दुसरी जाईल.

पण त्यांनी पेपरवाल्यांना कळवलं की खांद्याच्या दुखापतीमुळे मी माघार घेतली. शेजारचे तेलाची बाटली घेऊन चौकशीला आले. बाबा प्रत्येकाला सांगत होते, पोरगी पुढच्या वर्षी जाईल. सगळे गेल्यावर मी त्यांना खरं सांगितलं. ते कितीतरी वेळ सुईत दोरा ओवत राहिले. मग म्हणाले, हे लोकांना तूच सांग, माझ्या तोंडून निघणार नाही.

तू मला टाकणार नसशील तर मीही नाही.
बेडकी

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं होतं. आज सकाळी तलावाच्या फळ्यावर, पाणी किती खोल आहे ते लिहिलेलं असतं त्याच्या खाली, मी खडूनं लिहिलं की त्या दिवशी मी एका हातानं वळले होते. आलेल्यांनी वाचलं आणि ते कपडे बदलायला गेले.