गाडीवरचं नाव

सुगंधाबाई,

नमस्कार लिहीत नाई.

नाटकं घेऊन मंडईच्या जत्रा-जत्रांत फिराले आमच्या यायनं चंद्रपूरच्या दलालाकडून जुनी मेटाडोर घेतली. दलालाशी भांडून मी आत पलंग अन् स्टो बसवून घेतला. आमचं पहिलं फिरतं घर.

दलाल म्हणाला, "समोर नाव काय टाकू?"

हे लगेच म्हणाले, "सुगंधा."

"वहिनीचं नाव का?"

हे टायर पाहाले वाकले. मीच हो म्हटलं.

लग्नाआधी यायचा तुह्यावर जीव होता, मले ठाऊक हाय. माह्यं नाव मात्र हे घेत नाईत. म्हणतात, बायकोचं नाव घेत नसतात.

आता गावोगावच्या बाया मलेच सुगंधाबाई म्हणतात. मी ओ देते.

माह्यं नाव खाली लिहिलं हाय, अन् हे पत्र मी टाकणार नाई.

भागीरथा