जोंगाचे सहा पिस्टन

अब्बा,

मी पेणला चाललेय. आपल्या जोंगा जीपला बसतील असे सहाच्या सहा पिस्टन गुणाजी मिस्त्रींकडं मिळालेत! तुम्ही दोनदा कंपनीच्या मापाचे आणलेत, ते ढिले का पडायचे ते आता कळलं. मुनाफभाईनं कुवेतला जायच्या आधी सिलिंडर बोअर करून मोठे केले होते. हेड गॅस्केटपण मोठ्या भोकाचंच घेते, जुनं चालणार नाय.

हे मला त्यानंच सांगितलं. व्हय, मी फोन केला. तो गेल्यापासून तीन वर्षं तुम्ही त्याचं नाव काढू दिलं नाय, पण तुमच्या लेकानं आधी तुमच्या गुडघ्याचं विचारलं, मग इंजिनाचं.

कालवण झाकून ठेवलंय. चारला त्याचा फोन येईल. मी घरात नसेन, तुम्हीच उचला.

रुकय्या