पाणी दिसेपर्यंतची मोटारसायकल

२ मार्च १९८६, सास्तूर
नदी कोरडी. तिसरं वर्ष. आमच्या उपसा सिंचन सहकारी संस्थेचं पाणी ओढायचं इंजिन शेडात पोत्याखाली पडून आहे. आजच्या सभेत सभासद पिराजी उठला आणि म्हणाला, पानी न्हाय, इंजिन बंद, मग सचिव कशापायी चालू ठेवलाय? सगळे हसले. सचिव मीच. बी.ए., इतिहास. वय त्रेचाळीस. मीही हसलो. घरी येऊन विचार केला, तर प्रश्न रास्त वाटला. झोप आली नाही.

५ मार्च
सोलापूरच्या रद्दीत एक परदेशी मासिक मिळालं. मोटोक्रॉस म्हणजे खड्ड्याटेकाडांवरून मोटारसायकलींची शर्यत. ते लोक जुन्या सांगाड्यात भलतंच इंजिन बसवतात आणि जिंकतात. हनुमान जयंतीच्या जत्रेत शेजारच्या माकणीला नदीपात्रात अशीच शर्यत आहे. पात्र रिकामं, इंजिन रिकामं, सचिव रिकामा. निर्णय घेतला.
पत्नीला सांगितलं. चांगुणा म्हणाली, तुम्हाला सायकल तरी धड येती का? विषय तो नव्हता.

९ मार्च
चेअरमन नानासाहेबांना लेखी अर्ज: संस्थेचं इंजिन मोटारसायकलला बसवायला मिळावं. अटी मीच घातल्या, कुणी संशय घेऊ नये म्हणून. एक, इंजिन शर्यतीसाठीच वापरीन. त्याआधी गाडी एक पाऊलही हलवणार नाही. दोन, नदीत पाणी दिसताच इंजिन असेल तिथून परत. तीन, पहिला आलो नाही तर राजीनामा. दुसरी अट वाचून नानासाहेब आभाळाकडे बघून हसले. तिसरी त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, ही झकास हाय.

२० मार्च
सांगाडा जावाचा, गिअरबॉक्स राजदूतचा, पुढचे शॉकअप बुलेटचे. सगळं भंगारातलं. वेल्डर मल्लिनाथ म्हणतो, साहेब, ही सोयरीक लई लांबलांबची हाय, घरात भांडनं व्हनार.
उद्यापासून पहाटे पाचला उठून धावायचं. दम वाढवला पाहिजे.

२१ मार्च
साडेसातला उठलो. धावायचं गाडीला आहे, मला नाही.

२ एप्रिल
नैतिक अडचण. इंजिन रॉकेलवर चालतं आणि सायलेन्सर मागे. मी पुढे असणार, म्हणजे काळा धूर मागच्या सगळ्यांच्या तोंडात. मनाला पटेना. मल्लिनाथला सांगितलं, इंजिन फिरवून बसव, धूर पुढे जाऊ दे. तो म्हणाला, पाठमोरं बसवू? मग चेन ह्या अंगानं येईल, अन् साहेब, चाक— मी त्याला तिथंच थांबवलं. दुसऱ्याचा विचार करायचा म्हटलं की थोडा त्रास होतोच.

११ एप्रिल, दुपारी
दोरी ओढली आणि सुरू झालं! स्टँडवर उभी करून. (जागेवर चाक फिरणं म्हणजे गाडी हलवणं नव्हे. अर्ज काढून खात्री केली.) मागचं चाक जमिनीला निसटतं घासत गरगरलं. गल्ली जमली.
चांगुणाच्या कुरड्यांवर माती उडाली. तिचं म्हणणं, वाळवन गाडीच्या म्होरं घातलंय, माती मागं जायला पायजे, म्होरं कशी आली? मी म्हटलं, वारा. ती म्हणाली, पानसुदिक हालंना. वाळवणाची जागा बदलायला सांगितलं.

२३ एप्रिल
सत्काराचं भाषण लिहून झालं. नम्र आहे. 'मागे राहिलेल्यांनी खचू नये' हे वाक्य कुणाला टोचेल का? बराच विचार केला. ठेवलं. राजीनामाही खिशात ठेवला, केवळ नियम म्हणून.

२४ एप्रिल, संध्याकाळ
सहा गाड्या होत्या. शिट्टी झाली. क्लच सोडला. पाच गाड्या पुढे गेल्या. मी मागे गेलो.
इंजिनाला जोर कमी पडतोय असं वाटून दुसरा गिअर टाकला. जास्त वेगाने मागे गेलो. माणसं फाकली. गर्दीतून हरणाबाई ओरडली, आगं बया, सेक्रेटरी घरला निघाले!
पात्राच्या कडेला गेल्या साली बायकांनी पिण्याच्या पाण्यासाठी उकरलेला झिरा आहे, वाळूने बुजलेला. त्यात मागचं चाक गेलं. ते थांबेना, खाली जात राहिलं. वाळू उडाली, मग ओली वाळू उडाली, मग माझी पँट भिजली. ओंजळभर पाणी. मग घागरभर.
शर्यत कुणी जिंकली माहीत नाही. बघायला कुणी उरलंच नव्हतं.
नानासाहेब आले. वाटलं, लागलं का विचारतील. ते म्हणाले, अट दुसरी. मी सीटवर बसलेलो असतानाच मल्लिनाथने इंजिन सोडवलं. मी ओला राजीनामा काढून दिला. नानासाहेब म्हणाले, आता इंजिनापाशी बसाया मानूस लागतंय, राजीनामा कसला? मल्लिनाथने त्याच कागदाने प्लग पुसला.

२७ एप्रिल
इंजिन झिऱ्यावर बसवलं. पहिल्या दोरीला सुरू. पिराजीने मला बसायला पोतं दिलं.
इतिवृत्त लिहायला घेतलं. नानासाहेबांनी सांगितलेला मजकूर असा: 'सचिव दूरदृष्टी ठेवून, पाण्याच्या शोधार्थ, गाडीसह मागे गेले.' प्रामाणिकपणे पाहता दृष्टी पुढेच होती. 'दूरदृष्टी ठेवून' खोडलं. पाण्याचं मनातही नव्हतं. तेही खोडलं. उरलेलं वाक्य तीनदा वाचलं. एकही चूक सापडली नाही.
'सचिव गाडीसह मागे गेले.'
सही केली.