पाऊण तास आधी रिकामी झालेली टाकी आणि मला मिळालेले शून्य

प्रति,
मा. प्राचार्य,
श्री मुक्तलिंग पदवी महाविद्यालय,
ता. भालकी, जि. बीदर.

विषय : अवकल समीकरणांच्या संख्यात्मक पद्धती या विषयाच्या प्रकल्पात वीसपैकी शून्य गुण मिळाल्याबाबत.

संदर्भ : १) सूचनाफलकावरील गुणयादी, दि. ९ जुलै.
२) प्रा. महेशकुमार सरांचा तोंडी शेरा, त्याच दिवशी. ऐकणारे तेरा विद्यार्थी.

महोदय,

१. मी बी.एस्सी. अंतिम वर्षाची विद्यार्थिनी. लेखी परीक्षेत मला ऐंशीपैकी एकाहत्तर गुण आहेत. परंतु प्रकल्पात शून्य असणारा नापास धरला जातो, आणि कलबुर्गीला एम.एस्सी.चा मिळालेला माझा प्रवेश २१ तारखेपर्यंत पास झाल्याचा कागद न दिल्यास रद्द होतो. तरी हा अर्ज सवडीने न वाचता आजच वाचावा, ही विनंती.

२. आमच्या निळेवाडीच्या पाण्याच्या टाकीवर मी प्रकल्प केला. पातळी उतरते तसा पाण्याचा जोर कमी होतो, आणि जोर कमी झाला की पातळी सावकाश उतरते. हे समीकरणात मांडून, वेळेचे छोटे छोटे टप्पे पाडून, सकाळी सहाला सोडलेली टाकी किती वाजता रिकामी होईल ते काढायचे होते. वीस मिनिटांचा टप्पा घेतला तेव्हा उत्तर ७.३९ आले. दहाचा घेतला, ७.५२. पाचाचा, ८.००. एका मिनिटाचा, ८.०७. टाकी मात्र रोज ७.२५ लाच रिकामी होत होती. म्हणजे गणित जसजसे सुधारत गेले तसतशी मी खऱ्या वेळेपासून लांब जात राहिले.

३. सरांना विचारले. "पद्धत कच्ची आहे तुझी, वरच्या दर्जाची वापर," असे ते म्हणाले. वापरली. ८.१० आले. यावर सरांनी माझ्या बुद्धीविषयी जे मत दिले ते अर्जाच्या भाषेत बसत नाही.

४. टप्पा बारीक करूनही जी चूक जात नाही ती पद्धतीची नसते, हे सरांनीच दुसऱ्या सत्रात फळ्यावर लिहून दिले होते. म्हणून मी टाकी सोडणारे सिद्धप्पाकाका यांना एक दिवस गावाचे सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवायला सांगितले. बंद टाकीची पातळी आमच्या डोळ्यांदेखत उतरू लागली. "गणित न्हाई चुकलं बाई तुजं, पानी पळायलंय," असे काका म्हणाले. ओल्या मातीच्या मागे चालत गेलो. दोन इंची पाइप सात वर्षांपूर्वी बांधलेल्या एका बंगल्याच्या हौदात शिरत होता. बंगल्यापुढे हिरवळ आहे. गावात दुसरी कुठे नाही. पाटीवर सरांचे नाव व पदव्या आहेत.

५. मी कोणावरही आरोप केला नाही. फक्त तेवढे जाणारे पाणी समीकरणात एक जादा पद म्हणून मांडले. उत्तर नेमके ७.२५ आले. गणितात एखाद्या गोष्टीला संबंधित व्यक्तीचे नाव देण्याची जुनी पद्धत आहे. मी त्या पदाला "महेशकुमार पद" असे नाव दिले आणि अहवालात त्यांचे आभारही मानले. हा सन्मान सरांना रुचला नाही. त्यांनी पद खोडायला सांगितले, मी नकार दिला, आणि शून्य आले.

६. आता खरी अडचण. गुणयादी लागली त्याच दिवशी तो पाइप कोणीतरी उखडून नेला. तेव्हापासून टाकी रोज ८.१० ला रिकामी होते. सर त्याच दिवसापासून (संदर्भ २) सांगतात की असे पद मुळात नाहीच, मुलीने बदनामीसाठी रचले, खात्री हवी तर टाकीवर घड्याळ लावून बघा. मी लावले. बरोबर ८.१०.

७. आमचे घर लाइनीच्या शेवटच्या टोकाला आहे. सात वर्षांत पहिल्यांदा आमच्या नळाला पाणी आले. आई, लिंगम्मा, म्हणाली, "हंडे भरायलेत की आता. अर्ज कामून द्यायलीस? चिडून परत पाइप लावतील त्यानी." आईची भीती खरी आहे. मलाही ती वाटते. रागही आला आहे, तो लपवत नाही. गल्लीला पाणी हवे तर मी नापास व्हावे, असा हिशेब मला कोणत्याही पद्धतीने सुटत नाही.

८. तरी प्रकल्प दुसऱ्या परीक्षकांकडून तपासावा. पाइप उखडल्याने महेशकुमार पदाची किंमत शून्य झाली, हे मला पूर्ण मान्य आहे. तेच शून्य माझ्या नावापुढे कसे लिहिले गेले, एवढे मात्र २१ तारखेच्या आत पाहावे.

उत्तराची वाट पाहणारी आपली नम्र विद्यार्थिनी,
(सही)
शैलश्री बसवप्रभु हुडगे
मु. निळेवाडी, दि. १६ जुलै

सोबत :
१) प्रकल्पाची प्रत, पद न खोडलेली.
२) सिद्धप्पाकाकांचा अंगठ्याचा जबाब.
३) उखडलेल्या पाइपच्या चराचे चार फोटो, हिरवळीसह.
४) याच अर्जाची कन्नड प्रत. ती अक्काने लिहिली आहे, त्यामुळे तिच्यात राग कमी आहे. निर्णयासाठी मराठी प्रत धरावी.