पहिल्याच महिन्याची यादी

ब्रुनो, नेब्रास्का
९ मे १९६७

चि. एमिल यास,
अनेक आशीर्वाद. आज सकाळी दहाला आपल्या लॅडीला पुरलं. वारा फार होता. सैन्याकडून सहा जण आले होते, त्यांनी झेंड्याची घडी करून बाबांच्या हातात दिली. बारापर्यंत सगळे घरी परतले. शेजारणींनी खसखस भरलेले कोलाचे पाव इतके आणलेत की बाबा म्हणाले, आता दुकान काढ.

अलाबामातल्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात उड्डाणं चुकवता येत नाहीत, हे तुझ्या आईने, ब्लान्शकाकूंनी सांगितलं. तू आला नाहीस याचा राग नाही.

एक विचारायचं आहे. कॉलेज न करता वॉरंट अधिकारी होऊन हेलिकॉप्टर चालवता येतं म्हणून तुम्ही दोघे चुलतभाऊ एकाच दिवशी भरती झालात. टेक्ससच्या उड्डाणशाळेतून पहिल्याच महिन्यात लॅडीला काढून पायदळात टाकलं आणि तिथून व्हिएतनामला पाठवलं. का, ते त्याने कधी लिहिलं नाही. बाबा म्हणतात, आळशी होता, पलंग नीट लावत नसेल. आज पाहुण्यांसमोरही तेच म्हणाले. तू त्याच्याच खोलीत होतास. खरं काय ते कळव, म्हणजे मला बाबांना गप्प करता येईल.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमची आठवण ठेव.
तुझी बहीण,
रोझाली

अलाबामा
१९ मे १९६७

ती. रोझाली हिला,
सा. न. वि. वि. पत्र मिळून सहा दिवस झाले. उत्तर चार वेळा फाडलं.

लॅडी आळशी नव्हता. पलंग माझाही तोच लावून द्यायचा. तिथे महिनाअखेर एक यादी लिहायची असते. आम्ही बारा जण होतो. प्रत्येकाने बाकीच्या अकरा जणांची नावं लिहायची, सगळ्यात चांगला वर, नालायक खाली. बेरजेत जो तळाला जातो तो बहुधा घरी नाही, पायदळात जातो. लॅडी म्हणाला, तू मला पहिला लिही, मी तुला लिहितो, आडनावाचा काहीतरी फायदा होऊ दे. मी हो म्हटलं. लिहायला बसल्यावर वाटलं, दोघांच्या शर्टावर कुचेराच लिहिलंय, अधिकारी म्हणतील भाऊ भावाला ओढतोय, दोघांनाही काढतील. म्हणून मी त्याला शेवटचा लिहिला. प्रामाणिक दिसावं म्हणून. बाकीचे त्याला सांभाळतील असं धरून चाललो होतो. पण तो अधिकाऱ्यांच्या नकला करायचा, ते काही जणांना आवडत नव्हतं. दोन गुणांनी गेला. मी आठवा लिहिला असता तरी राहिला असता.

त्याने मला पहिलाच लिहिलं होतं. मी काय लिहिलं ते त्याला कळलं नाही. जाताना त्याचे बूट मला देऊन गेला, म्हणाला, तुझ्यापेक्षा माझे जास्त चमकतात. अजून तेच घालतो.

सहा जूनला आम्हाला वैमानिकाचे पंख, म्हणजे तो धातूचा बिल्ला, मिळतील. ते छातीवर घरच्या माणसाने लावायचे असतात. आई येतेच आहे, पण तू लावावेस असं मला वाटतं. लॅडीलाही आवडलं असतं. काकांना माझा नमस्कार सांग.
तुझा,
एमिल

ब्रुनो
२६ मे १९६७

एमिल,
आज शाळेत परीक्षेचे पेपर तपासले. तीनला घरी आले. तुझं पत्र मोरीपाशी उभ्यानेच वाचलं आणि मग साबणाने हात धुतले. तुझा अपमान करायला हे लिहीत नाही. धुवावेसे वाटले.

बाकीच्यांनी त्याला खाली लिहिलं, त्याचं मला काही नाही. ते परके होते. तू त्याला हो म्हणून आत गेलास, आणि बाहेर येऊन त्याच्याच शेजारच्या पलंगावर झोपलास. पलंगही त्यानेच लावला असेल. प्रामाणिक दिसावं म्हणून, असं तू लिहितोस. ते वाक्य मी परत वाचलं. तुला भीती होती की तळाला तू जाशील. एवढंच लिहिलं असतंस तर मी कदाचित रडले असते.

पंख लावायला मी येणार नाही. तुझ्या शर्टाला मला हात लावायचा नाही. लॅडीला काय आवडलं असतं ते तू मला सांगू नकोस. त्याचे बूट काढ आणि पार्सलने पाठव. पॉलिश करू नकोस.

बाबांना मी सांगितलं की पोरांनीच पोरांची यादी केली आणि त्यात तो गेला. कोणी लिहिलं ते विचारलं त्यांनी. मी म्हटलं, माहीत नाही. ते तुझ्यासाठी नाही. काकूंनी तुझ्या समारंभासाठी निळा झगा शिवलाय आणि गाडीचं तिकीट काढलंय. त्यांना यादीचं कधी सांगायचं ते तूच ठरव. पण सुट्टीत आलास तर आमच्या दारात येऊ नकोस.

काकूंनी आज तुझ्या नावाने बदक भाजलंय. बाबा तिकडे जेवायला गेले. माझं डोकं दुखतंय असं मी कळवलं. पाकीट चिकटवते आणि एक अंडं उकडायला ठेवते.
रोझाली