वर्षभरापेक्षा जुन्या फाइली

नजरबाद, म्हैसूर
४ सप्टेंबर

प्रिय सुष्मा,

तू धारवाडला सुखरूप पोचलीस हे कळलं होतं, तरी इतके दिवस मी काही लिहिलं नाही. आई बरी आहे. तिच्या डाव्या डोळ्यात सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे असतात, ते मी घालतो. देवराज मोहल्ल्यातल्या टेलरने तुझे ब्लाउज शिवून ठेवलेत, मी आणून कपाटात ठेवलेत.

श्रीहरीच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी तू माझ्या कामाबद्दल विचारलंस आणि मी नेहमीसारखं उडवून लावलं. आज नीट सांगतो, कारण पुढचं त्यावाचून कळणार नाही. आपल्या धाकट्या श्रीहरीने बनवलेल्या साधनाची माहितीपुस्तिका मी लिहितो. एआय एजंट म्हणजे साध्या भाषेत सांगितलेलं काम संगणकावर करणारा प्रोग्राम. श्रीहरीच्या साधनाने तो दूरच्या मशीनला हुकूम पाठवतो, ती मशीन काम करते, आणि काय झालं ते एजंट आपल्याला कळवतो. वीस वर्षं मी पंपांच्या कारखान्यात पंप कसा बसवायचा, कसा बंद करायचा हेच लिहीत होतो. श्रीहरी गेल्यावर त्याच्या कंपनीने विचारलं, अर्धी राहिलेली पुस्तिका पुरी कराल का. मला नाही म्हणवलं नाही.

तो त्या एजंटशी तोंडी बोलायचा, आणि तेही आपल्या घरच्या कन्नड मिसळलेल्या मराठीत. मला पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं. ‘स्वल्प थांब रे बाबा, विचारल्याशिवाय काही काढू नको.’ ‘अय्यो, सुम्ने गप्प काय बसलायस, काय झालं ते सांग की!’ आई स्वयंपाकघरातून विचारायची, कोण आलंय रे, कॉफी टाकू काय? तो म्हणायचा, टाक, पण एकच कप, हा पीत नाही. ते सगळं बोलणं, नंतर तपासता यावं म्हणून, त्याच्या मशीनवर साठत असे.

आमच्या कामात एक शिस्त आहे. पुस्तिकेतलं प्रत्येक उदाहरण एजंट रोज सकाळी खऱ्या मशीनवर चालवून बघतो, म्हणजे लिहिलेलं चुकीचं असेल तर लगेच कळतं. मला ऑफिसपासून दूरची एक मशीन हवी होती. श्रीहरीची घरी चालूच होती. ती बंद करायला माझा हात धजत नव्हता, म्हणून मी तीच जोडली. उदाहरण साधं होतं, वर्षभरापेक्षा जुन्या फाइली काढून टाकणे. त्यासाठी ‘चाचणी’ नावाचा एक फोल्डर निवडला. आत नावाला नुसते आकडे असलेल्या शेकडो फाइली होत्या. मला वाटलं, टाकाऊ असतील. एकही उघडून बघितली नाही.

नोव्हेंबरात हे लावलं तेव्हा त्यात वर्ष झालेलं काहीच नव्हतं. फेब्रुवारीपासून एजंट सकाळी विचारू लागला, तीन फाइली निघतील, यादी खाली आहे, काढू का? मी ‘हो’ दाबायचो. ही विचारण्याची सोय श्रीहरीनेच केलेली. आणि ‘होकार देण्यापूर्वी यादी वाचावी’ हे पुस्तिकेतलं वाक्य माझं.

श्राद्ध तिथीने वीस ऑगस्टला आलं. तो गेला ती तारीख तीस. श्राद्धाची पानं उठल्यावर तू म्हणालीस, दादा, त्याचं ते बोलणं आईला ऐकव, मलाही पाठव. मी बरं म्हटलं. मशीनवर कुठेतरी असणार हे मला माहीत होतं. पण शोधायला बसलो असतो तर त्याचा आवाज ऐकावा लागला असता. उद्या बघू, उद्या बघू करत दहा दिवस घालवले. त्या दहा दिवसांतही ऑफिसात जाऊन ‘हो’ दाबत होतो.

सोमवारी शेवटी शोधलं. ते बोलणं त्या ‘चाचणी’ फोल्डरातच होतं, आणि फोल्डर रिकामा होता. मग मी एजंटचे जुने अहवाल काढून वाचले. मागच्या वर्षी तो ज्या दिवशी जे बोलला, ते यंदा वर्ष भरलं की मी पुसत आलो होतो. एकवीस ऑगस्टला चार. बावीसला दोन. असं करत तीसला एक. ती एक तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळची. त्यात तो काय बोलला होता ते आता कुणालाच कळणार नाही. तू म्हणालीस त्या दिवशीच मी बसलो असतो, तर एवढं तरी हाताला लागलं असतं.

ऑफिसातला शशांक म्हणाला, सर, ऑफिसच्या नोंदीत एजंटने डिलीट केलं असं लिहू या. मी नको म्हटलं. हुकूम मी लिहिला होता आणि होकारही मीच दिला होता. दोन जाणकारांना मशीन दाखवली. फाइली परत येत नाहीत.

हे पत्र लिहितोय ते एवढ्यासाठी. निघताना तू आईला सांगून गेलीस की रघू तुला श्रीहरीचा आवाज ऐकवणार आहे. तेव्हापासून मी घरी आलो की ती कानाचं यंत्र लावून समोर येऊन बसते. ‘आणलास काय रे?’ म्हणते. मी म्हणतो, काम चाललंय. काल म्हणाली, घाई करू नको रघू, नीट कर. सुष्मा, मला एकट्याला तिला हे सांगता येणार नाही. तू माझ्यावर रागाव, पण रागवायला तरी इकडे ये. रविवारच्या गाडीने निघालीस तर मी स्टेशनवर येईन. तोवर मी तिला काम चाललंय असंच सांगणार आहे.

तुझाच,
रघूदादा