तात्यांच्या घरचा चहा

ती. हिंदुराव तात्या,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून कागदावरच). तुमची शुगर ताब्यात असेल आणि काकी अजून तुम्हाला घाबरत नसतील, अशी आशा.

"पोरी, सभेत हात वर करायचा त्यो मंजूर म्हणायला, इचारायला न्हाय." हे वाक्य तुम्ही मी अकरा वर्षांची असताना म्हणालात. कळसच्या आपल्या पाणी संस्थेची सभा होती, तुम्ही चेअरमन (तेव्हाही), आणि सगळे एकदम मंजूर का ओरडतात, एवढंच मी विचारलं होतं. पुढे पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत विचारलं, चीनच्या राजकारणाकडे कशा वळलात? मी खोटंच सांगितलं, ग्रंथालयामुळे.

वीस वर्षं मी तिकडच्या तुरुंगातल्या वकिलांवर लिहितेय. गावाला त्याचा उपयोग इतकाच, की कुणाचा चायना मोबाईल बिघडला की तो माझ्याकडे येतो. यंदा चीनने व्हिसा नाकारला. मी दार लावून रडले. तुम्ही बारामतीत स्टँडसमोर फ्लेक्स लावलात: 'चीनने प्रवेश नाकारल्याबद्दल डॉ. स्वरूपा यांचे हार्दिक अभिनंदन!' (माझा फोटो पासपोर्टएवढा, तुमचा दाराएवढा.) माझ्या सत्कारात म्हणालात, "तिकडं बोलायची सोय न्हाय. हितं कुणीबी बोलावं!" टाळ्या पडल्या. मी बोलायला उठले, तर वेळेअभावी आभारप्रदर्शन झालं.

मंडपाबाहेर शेजारच्या कुशाबाई भेटल्या. "सभेत पाण्याच्या पाळीचं इचारलं, तर तात्यांनी घरी च्याला बोलावलं. च्या ग्वाड व्हता बघ. तवापास्नं पाणी न्हाय." चीनमध्येही प्रश्न विचारणाऱ्याला पोलीस चहालाच बोलावतात. त्यावर माझा चाळीस पानी निबंध आहे, तळटीपांसकट. त्यात तुमच्या ओसरीचा उल्लेख राहिला, ही संशोधनातली गंभीर चूक.

तुमचा नीट रागही येत नाही, ही अडचण. मी कॉलेजला जाऊ नये असं घरात सगळ्यांनी ठरवलं, तेव्हा एसटीचा पास तुम्हीच काढून आणला होतात. कुणाला न विचारता.

तुमची,
स्वरूपा

ता. क. सत्काराची शाल छान आहे. मागे 'मेड इन चायना' होतं, ते मी कापून टाकलं.

आणखी ता. क. रविवारच्या सभेत कुशाबाईंना पाच मिनिटं माईक द्या. दीड एकर डाळिंब वाळतंय त्यांचं. तुम्ही 'नाही' म्हणाल, ठाऊक आहे. मग ते 'नाही' तरी घरी चहावर नको, सभेत सगळ्यांसमोर म्हणा.